मुंबई ते न्यूयॉर्क : दूरच्या दोन विमानतळांमधील अंतर

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यामधील अंतर १२,५५१ किलोमीटर आहे. हेच अंतर कुठे १२,५३२ किलोमीटर, कुठे ७,७९९ मैल, तर वैमानिकांच्या कागदपत्रांत ६,७७७ सागरी मैल असे दिलेले आढळते. हे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र यांपैकी एकही कोणी प्रत्यक्ष प्रवास करून मोजलेला नाही. रस्त्याचे अंतर मोटारीच्या चाकाने मोजता येते, रेल्वेचे रुळालगतच्या खांबांवरून. विमानाच्या वाटेवर खुणा नसतात आणि तेच विमान दोन दिवस सारख्याच वाटेने जाईल याचीही खात्री नसते. म्हणून दोन विमानतळांमधले अंतर गणिताने काढावे लागते. त्या गणितापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजायचे, कोणत्या वाटेने मोजायचे आणि पृथ्वीचा आकार कसा धरायचा. यातली एक जरी बदलली तरी उत्तर बदलते, आणि वाट चुकीची धरली तर ते दीड हजार किलोमीटरांहून अधिक चुकते.

पहिला प्रश्न बिंदूंचा. विमानतळ म्हणजे काही ठिपका नव्हे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे, तर केनेडी विमानतळाची सर्वांत लांब धावपट्टी चार किलोमीटरांहून मोठी आहे. या पसाऱ्यातला कोणता दगड शून्य मानायचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक विमानतळाला एक संदर्भबिंदू नेमून दिलेला असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार तो विमानतळाच्या मूळ किंवा नियोजित रचनेच्या मध्याजवळ घेतात आणि एकदा ठरला की सहसा हलवत नाहीत. पुढे धावपट्टी वाढली, नवे टर्मिनल उभे राहिले, तरी बिंदू तिथेच राहतो. मुंबईचा संदर्भबिंदू साधारण १९.०८९ अंश उत्तर अक्षांश व ७२.८६८ अंश पूर्व रेखांशावर येतो, तर केनेडीचा ४०.६४० अंश उत्तर व ७३.७७९ अंश पश्चिम. दशांशाची तीन स्थळे इथे पुरेशी आहेत, कारण अक्षांशातला एक हजारांश अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ मीटर.

शहर आणि विमानतळ यांत गल्लत होऊ नये, एवढे मात्र पाहावे लागते. न्यूयॉर्कला जाणारा प्रवासी हडसन नदीपलीकडच्या नेवार्क विमानतळावरही उतरू शकतो. केनेडी आणि नेवार्क यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर अंतर आहे, पण मुंबईपासून मोजले तर नेवार्क जेमतेम १४ किलोमीटर जास्त दूर पडते. बाजूला सरकलेल्या बिंदूमुळे दूरचे अंतर फारसे वाढत नाही; वाटेच्या दिशेने पुढे सरकलेल्या बिंदूमुळे वाढते.

दुसरा प्रश्न वाटेचा, आणि सर्वसामान्य वाचकाची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असे देश ओलांडून अटलांटिक महासागरात उतरते. डोळ्यांना ही वाट जवळची वाटते. पण या वाटेने अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे खऱ्या किमान अंतरापेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त. दोष रेघ ओढणाऱ्याचा नाही. गेरार्ड मर्केटर याने १५६९ मध्ये जो नकाशा तयार केला, तो खलाशांसाठी होता. त्यावर ओढलेली सरळ रेघ होकायंत्राची एकच दिशा कायम ठेवून जाणारी वाट दाखवते. शिडाच्या जहाजाला एवढेच हवे होते. ती दिशा जपण्यासाठी मर्केटरला ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे करावे लागले, आणि या ताणामुळे उत्तरेकडून जाणारी जवळची वाट नकाशावर लांबलचक कमानीसारखी दिसू लागली.

खरी वाट पाहायची तर पृथ्वीगोल हवा. शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक बोटाने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर न्यावे आणि दोरा ताणावा. दोरा ताणला जाताच आपोआप उत्तरेकडे सरकतो. त्या गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटरांच्या थोडा वर असतो, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर प्रत्यक्षातल्या सुमारे ४२५ किलोमीटरांएवढा. ताणलेला दोरा पट्टीवर मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, आणि गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटरांच्या अगदी जवळ पोचता येते. महागड्या साधनांशिवाय, पाच मिनिटांत, वर्गातल्या कोणत्याही मुलाला करता येणारे हे मापन आहे. भूगोलाच्या तासाला ते एकदा तरी व्हायलाच हवे.

ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलाच्या केंद्रातून जाणारी पातळी गोलाला कापते तिथे हे वर्तुळ तयार होते. विषुववृत्त बृहद्वृत्त आहे, समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळून एक बृहद्वृत्त होते. इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्वृत्ते नाहीत, आणि म्हणूनच एकाच अक्षवृत्तावरच्या दोन गावांमधली जवळची वाट त्या अक्षवृत्तावरून जात नाही. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधले किमान अंतर नेहमी बृहद्वृत्ताच्या कंसावरच मिळते.

मुंबई–न्यूयॉर्क हा कंस कुठून जातो ते पाहण्यासारखे आहे. मुंबईहून तो उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेकडे झुकून निघतो. म्हणजे पश्चिमेच्या देशाला जायचे असताना वाट जवळजवळ उत्तरेकडे सुरू होते. सौराष्ट्र, सिंध, पश्चिम अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कास्पियन समुद्राचा ईशान्य किनारा असे करत तो मॉस्कोजवळून जातो. पुढे हेलसिंकीच्या थोडे उत्तरेकडून स्वीडन ओलांडतो आणि नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळ समुद्रावर येतो. फॅरो बेटे आणि आइसलंड यांच्या दरम्यान, ६४.७ अंश उत्तर अक्षांशावर, तो आपल्या सर्वांत उत्तरेच्या बिंदूला पोचतो आणि तिथे क्षणभर त्याची दिशा नेमकी पश्चिम असते. मग रेक्याविक, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जेमतेम चुकवून लॅब्राडोर, मेन आणि अखेर न्यूयॉर्क. तिथे पोचताना कंस नैर्ऋत्येकडे उतरत असतो. सारांश, जवळच्या वाटेवर दिशा सतत बदलत राहते. शिडाच्या काळात प्रत्येक पावलाला दिशा बदलणे कठीण होते. आजच्या विमानातला संगणक ते काम सहज करतो.

या कंसामुळेच आणखी एक गोष्ट समजते. एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानांनी न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हा वाट लंडनमार्गे होती. सपाट नकाशा पाहणाऱ्याला लंडन हा मोठा वळसा वाटेल. पण मुंबई–लंडन आणि लंडन–न्यूयॉर्क या दोन अंतरांची बेरीज थेट अंतरापेक्षा अवघी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त भरते. १ ऑगस्ट २००७ पासून याच कंपनीची विमाने मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाऊ लागली. त्यातून वाचले ते मुख्यतः उतरण्या-चढण्याचे तास. अंतरातली बचत किरकोळ होती.

आता प्रत्यक्ष गणित. अंतर लहान असेल तर पृथ्वी सपाट मानून पायथागोरसच्या प्रमेयाने काम भागते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात याचे कारणच दिले आहे : परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणसाच्या दृष्टीला एका वेळी तेवढाच भाग दिसतो. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर धरला तर हा शंभरावा भाग चारशे किलोमीटरांचा होतो. मुंबई–पुणे किंवा मुंबई–छत्रपती संभाजीनगर या अंतरांना सपाट पृथ्वीचे गणित आजही चालते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या गणितज्ञाने घालून दिलेली ही मर्यादा इतक्या शतकांनंतरही उपयोगी पडावी, ही मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

न्यूयॉर्क मात्र त्या मर्यादेच्या फार पलीकडे आहे. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, तर न्यूयॉर्कच्या अक्षांशावर ८४ ते ८५ किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून अंशांना एकाच संख्येने गुणून चालत नाही. इथे गोलीय त्रिकोणमिती लागते. या गणितातले सर्वांत सोयीचे सूत्र हॅवरसाइन नावाने ओळखले जाते. हे नाव ब्रिटिश गणितशिक्षक जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केले, आणि खलाशांनी त्याची कोष्टके पुढे दीर्घकाळ वापरली. हॅवरसाइन म्हणजे भारतीय ज्योतिर्गणितातल्या उत्क्रमज्येचा (१ वजा कोसाइन) निम्मा भाग. अंतर लहान असले तरी या सूत्रात आकडेमोडीची अचूकता हरवत नाही. साध्या कोसाइन सूत्राचे तसे नाही.

उदाहरण करून पाहू. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांतला फरक २१.५५ अंश. त्याच्या निम्म्याची ज्या (साइन) काढून वर्ग केला की ०.०३५ येतो. एक विमानतळ पूर्व गोलार्धात आणि दुसरा पश्चिम गोलार्धात असल्याने रेखांशांची बेरीज करायची, ती १४६.६५ अंश. तिच्या निम्म्याच्या ज्येचा वर्ग ०.९१८. याला दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांनी (कोसाइन), म्हणजे ०.९४५ आणि ०.७५९ यांनी गुणले की ०.६५८. दोन्ही संख्यांची बेरीज ०.६९३, तिचे वर्गमूळ ०.८३२५. ज्याची ज्या ०.८३२५ आहे तो कोन ५६.३५ अंशांचा, त्याची दुप्पट ११२.७० अंश. पृथ्वीच्या केंद्रापाशी मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात एवढा कोन होतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात, आणि गुणाकाराचे उत्तर येते सुमारे १२,५३२ किलोमीटर. सुरुवातीच्या चार आकड्यांपैकी दुसरा आकडा हा असा येतो. साध्या वैज्ञानिक गणनयंत्रावर हे गणित कोणालाही तपासून पाहता येते.

मग १२,५५१ कुठून आले? तिसऱ्या प्रश्नातून. पृथ्वी नेमका गोल नाही. ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५६.७५२ किलोमीटर. एकवीस किलोमीटरांचा हा फरक शोधण्यासाठी माणसाने फार कष्ट उपसले आहेत, आणि त्यातले काही महाराष्ट्राच्या भूमीवर. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत रेखावृत्ताचा एक लांब कंस मोजण्याचे हे काम होते. ते करत असतानाच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने या मोजणीच्या आधारे १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापे दिली, ती भारताच्या नकाशांसाठी विसाव्या शतकातही वापरात होती. जड उपकरणे घेऊन जंगलांतून हिंडलेल्या, हिवतापाला बळी पडलेल्या शेकडो अनामिक मजुरांचाही या आकड्यांत वाटा आहे. अंतराच्या गणिताची ओळख करून देताना त्यांचा विसर पडू नये.

प्रत्येक देश आपल्या भूमीला जुळेल असा गोलाभ, म्हणजे चपट्या पृथ्वीचा गणिती आकार, वापरत असे, त्यामुळे एकच ठिकाण दोन देशांच्या पद्धतींत वेगवेगळ्या अक्षांश-रेखांशांवर पडे. उपग्रहांच्या युगात हे परवडणारे नव्हते. १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीने सर्व विमानतळांसाठी डब्ल्यूजीएस-८४ ही एकच संदर्भपद्धती लागू केली. वर दिलेल्या त्रिज्या याच पद्धतीतल्या आहेत.

चपट्या पृथ्वीवरचे किमान अंतर हॅवरसाइनने अचूक निघत नाही. त्यासाठी थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिच्यात तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करत उत्तराच्या जवळ सरकायचे असते, आणि त्रुटी मिलिमीटरच्या आत येते. एके ठिकाणी मात्र ती अडखळते : दोन बिंदू पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असतील तर उत्तर स्थिरावतच नाही. चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने ही अडचण दूर केली. मुंबई–न्यूयॉर्क वाट जास्त अक्षांशांतून जाते, आणि तिथे अक्षांशाचा एक अंश गोल पृथ्वीवरच्या अंशापेक्षा थोडा लांब असतो. म्हणून गोलाच्या उत्तरात १९ किलोमीटरांची भर पडून १२,५५१ होतात. ०.१५ टक्के एवढी ही चूक शालेय कामाला चालते. विक्रम नोंदवताना किंवा उशीर झालेल्या प्रवाशांच्या भरपाईची सीमारेषा ठरवताना ती चालत नाही.

विरुद्ध टोकाचा मुद्दा निघालाच आहे, तर कमाल मर्यादाही सांगायला हवी. पृथ्वीवर कोणतेही दोन बिंदू एकमेकांपासून सुमारे २०,००४ किलोमीटरांपेक्षा दूर असू शकत नाहीत. मुंबईच्या नेमका विरुद्ध बिंदू पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला नऊशे किलोमीटरांच्या आसपास येतो. तिथे पाण्याखेरीज काही नाही. नियमित प्रवासी सेवांत सिंगापूर–न्यूयॉर्क हे १५,३४९ किलोमीटरांचे थेट उड्डाण सर्वांत लांबच्या उड्डाणांत मोडते.

एककांविषयी थोडक्यात. हवाई क्षेत्रात सागरी मैल चालतो, आणि त्याचे कारण व्यवहारी आहे. अक्षांशाच्या एका कलेएवढी, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढी, लांबी म्हणजे साधारण एक सागरी मैल, त्यामुळे नकाशावरून अंतर लगेच वाचता येते. १९२९ मध्ये मोनॅको येथील परिषदेत तो नेमका १,८५२ मीटरांचा ठरला. सुरुवातीच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन पहिल्यापासून फक्त एककाने वेगळे आहेत.

हे सारे गणित जमिनीवरच्या अंतराचे. विमान प्रत्यक्षात जास्त कापते. अकरा किलोमीटर उंचीवर वर्तुळच मोठे होते, त्यामुळे या वाटेत एकवीस-बावीस किलोमीटर वाढतात. उड्डाणानंतर ठरावीक मार्गावर वळणे, उतरण्यापूर्वी रांगेत घिरट्या घालणे, एका नामांकित बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत आखलेले हवाई मार्ग पाळणे, यांची भर वेगळीच. पण सर्वांत मोठी भर दोन कारणांनी पडते : वारा आणि राजकारण.

मध्य अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांचा वेग कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरांच्या वर जातो. त्यांच्याविरुद्ध जाणाऱ्या विमानासाठी जवळची वाट ही लवकरची वाट असेलच असे नाही. याचे उत्तम उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली एअर इंडियाची ही सेवा आधी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ पासून ती पॅसिफिकवरून जाऊ लागली. नवी वाट चौदाशे किलोमीटरांच्या आसपास लांब होती, पण वारा पाठीशी असल्याने जवळपास दोन तास वाचले. शिवाय जवळची वाट सोपी असतेच असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरून. तिथे चुंबकीय होकायंत्र निरुपयोगी ठरते, इंधन गोठण्याच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते आणि संकटात उतरायला विमानतळ फार थोडे असतात.

राजकारणाचे म्हणाल तर वर वर्णन केलेला मुंबईचा कंस सिंध, अफगाणिस्तान आणि रशिया ओलांडतो. आजच्या जगात यापेक्षा अडचणीची वाट शोधून सापडणार नाही. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना व्हिएन्ना येथे इंधनासाठी थांबावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या युक्रेन युद्धापासून युरोपीय आणि अमेरिकी विमाने रशियावरून जात नाहीत. त्यामुळे एकाच दिवशी त्याच दोन शहरांमध्ये उडणारी दोन कंपन्यांची विमाने शेकडो किलोमीटरांच्या फरकाने जाऊ शकतात.

म्हणूनच जिथे पैशाचा किंवा हिशेबाचा प्रश्न येतो, तिथे उडालेले अंतर बाजूला ठेवून बृहद्वृत्ताचे अंतर धरतात. ते वाऱ्याने वा सीमाबंदीने बदलत नाही आणि कोणीही पडताळू शकतो. प्रवाशामागे किती कार्बन उत्सर्जित झाला याचा अंदाज करताना नागरी विमान वाहतूक संघटनेची पद्धत याच अंतरापासून सुरू होते. प्रत्यक्षातल्या वळशांसाठी ५५० किलोमीटरांखालच्या वाटेत ५०, साडेपाच हजारांपर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवले जातात. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान फार उशिरा पोचल्यास मिळणारी भरपाईही बृहद्वृत्त अंतरावर ठरते : १,५०० किलोमीटरांपर्यंत २५० युरो, त्यापुढच्या टप्प्यात ४०० युरो. एका प्रकरणात प्रवासी रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बर्गला गेले होते. दोन्ही टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होत होती, तर रोम ते हॅम्बर्ग थेट अंतर १,३२६. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये थेट अंतर ग्राह्य धरले आणि प्रवाशांना २५० युरो मिळण्याचा हक्क ठरला.